रक्ताचा रोग आणि सातासमुद्रांपलीकडचा दवाखाना



घरातील माणसाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले, म्हणजे पहिल्या दोन दिवसांत जे अनेक प्रश्न उठतात त्यांत एक हमखास असतो: "अमेरिकेत नेले तर?" हा प्रश्न विचारणारा मनुष्य श्रीमंत असतोच असे नाही. पुष्कळदा तो साधा पगारदार असतो, आणि विचारता विचारता मनातल्या मनात घराचा, शेताचा, बायकोच्या दागिन्यांचा हिशेब करीत असतो. या प्रश्नाला हसण्यासारखे काही नाही. आपल्या माणसासाठी करायचे काही राहून जाऊ नये, ही तळमळ त्याच्या पोटी असते. म्हणूनच त्याचे उत्तर नीट, माहितीच्या आधारे दिले पाहिजे. आजच्या विवेचनाचे प्रयोजन तेवढेच आहे.

मुंबईच्या एका घराण्यापासून प्रारंभ करू. सर दोराबजी टाटा हे जमशेटजींचे ज्येष्ठ चिरंजीव. त्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या स्त्रीशिक्षणासाठी झटलेल्या आणि टेनिस खेळण्यात निपुण अशा बाई. त्यांना ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला. पैशाची ददात नव्हती, परदेशगमनाची अडचण नव्हती. ब्रिटनमधील वेल्स प्रांतात रुथिन येथील खाजगी रुग्णालयात त्यांच्यावर उपचार चालले होते, आणि तेथेच जून १९३१ मध्ये त्या वारल्या. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, सर दोराबजीही युरोपात प्रवासात असताना निवर्तले. मेहेरबाईंच्या गळ्यात शोभणारा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा पुढे विकला गेला आणि त्याचा पैसा दोराबजींनी स्थापिलेल्या विश्वस्तनिधीकडे गेला. त्या काळी परदेशातला उत्तमातला उत्तम दवाखाना त्या रोगाला नाव देऊ शकत होता. त्यापुढे त्याचे हात टेकत होते. औषधच नव्हते, मग ते मुंबईत नव्हते आणि लंडनला होते असे म्हणण्यात काय अर्थ?

मृत्यूपूर्वी दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला, आणि त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग जगभर ल्युकेमियाच्या संशोधनासाठी खर्च व्हावा अशी व्यवस्था केली. दोराबजींच्या नावाच्या विश्वस्तनिधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. त्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाले. या रुग्णालयाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

रोगाचे खरे नाव

आता १९३१ सोडून आजच्या काळात येऊ. विषय समजण्यास सोपा जावा म्हणून आपण एक कल्पित गृहस्थ बरोबर घेऊ. क्रांती चौकाजवळ त्यांचे कापडाचे दुकान आहे. वय बेचाळीस. काही महिन्यांपासून त्यांना थकवा वाटतो, रात्री घाम येतो, आणि जेवायला बसले की चार घासांत पोट भरल्यासारखे होते. डाव्या बरगडीखाली जड लागते. डॉक्टर हात लावून पाहतात तो पानथरी वाढलेली. पानथरी वाढली की आपल्याकडे प्रथम हिवताप आठवतो, आणि ते चुकीचेही नाही. पण रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी निघाल्या १ लाख ८० हजार. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या साधारणपणे ४ ते ११ हजार असतात.

त्याच संध्याकाळी घरात 'ब्लड कॅन्सर' हा शब्द येतो. मेव्हणे पुण्याहून निघतात. अमेरिकेतला पुतण्या फोनवर म्हणतो, "काका, तुम्ही इकडेच या. मी सगळी व्यवस्था करतो." काकू देवापुढे बसून राहतात.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे ती ही, की ब्लड कॅन्सर हे एका रोगाचे नाव नाही, ते एका मोठ्या कुळाचे आडनाव आहे. त्या आडनावाची माणसे स्वभावाने एकमेकांपासून फार भिन्न. काही आठवड्यांत जीव घेणारे तीव्र ल्युकेमिया त्यात आहेत, तसेच वर्षानुवर्षे संथपणे चालणारे आहेत. लसिकाग्रंथींत वाढणारे लिम्फोमा आहेत, हाडे पोखरणारा मायलोमा आहे, आणि डॉक्टरलाही आयुष्यात एखाद्याच वेळी भेटावेत असे कित्येक विरळ प्रकार आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. म्हणून आडनाव कळल्यावर घाबरून तिकीट काढण्यापूर्वी पाळण्यातले नाव विचारावे.

ते नाव कसे शोधतात? प्रथम रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आपल्या दुकानदारांच्या पट्टीवर कोवळ्या, अर्धवट वाढलेल्या आणि पूर्ण वाढलेल्या अशा सर्व वयांच्या पांढऱ्या पेशींची जत्राच भरलेली असते. अनुभवी डोळ्याला येथेच संशय येतो. मग कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूस जागा बधिर करून सुईने अस्थिमज्जेचा अंश काढतात. रक्ताच्या पेशी जेथे तयार होतात तो हा कारखाना. त्यातील पेशींची गुणसूत्रे तपासतात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. आपल्या दुकानदारांच्या रोगट पेशींत २२ क्रमांकाचे एक गुणसूत्र आखूड झालेले आढळते.

हे आखूड गुणसूत्र प्रथम १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड या दोघांना दिसले; म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली या बाईंनी दाखवून दिले, की ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होऊन हा प्रकार घडतो. या अदलाबदलीत दोन जनुके चुकीने एकत्र जोडली जातात आणि त्यांतून एक विकृत प्रथिन बनते. दारावरच्या घंटेचे बटण आत अडकून बसावे आणि घंटा वाजतच राहावी, तसे हे प्रथिन पेशीला 'वाढ, वाढ' असा हुकूम अखंड देत राहते. आज त्या जोडलेल्या जनुकाचा माग दंडातून काढलेल्या रक्तातही लागतो. लक्षावधी निरोगी पेशींच्या गर्दीत दडलेल्या मोजक्या रोगट पेशी ही तपासणी हुडकून काढते.

तेव्हा आपल्या गृहस्थांच्या रोगाचे नाव ठरले: क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. दर लाख लोकवस्तीत वर्षाला एखाददुसऱ्याला होणारा हा रोग आहे. सर्वसामान्य डॉक्टरला तो वर्षानुवर्षे भेटणार नाही. विशेष रुग्णालयाची गरज कशासाठी, याचे उत्तर येथे मिळते. जो रोग सर्वत्र विरळ आहे, त्याच्यासाठी तो जेथे विरळ नाही अशी जागा गाठावी लागते. जेथे तो रोज दिसतो, जेथील डोळा सरावलेला आहे, यंत्रसामग्री तयार आहे. एवढी अट पुरी झाली म्हणजे पुरे. ती जागा समुद्रापलीकडे असली पाहिजे, अशी अट त्यात कोठेही नाही.

एक गोळी आणि एक खटला

१९९८ पर्यंत या रोग्याच्या नशिबी साधारणपणे चार-पाच वर्षे असत. ज्याला जुळणारा मज्जादाता मिळे आणि शस्त्रासारखा तो कठोर उपचार सोसे, तोच काय तो पार पडे. त्या वर्षी अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील ब्रायन ड्रुकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इमॅटिनिब नावाचे औषध रोग्यांना देण्यास आरंभ केला. अडकलेले बटण मोकळे करणारे हे औषध. इतर औषधे बऱ्यावाईट सर्वच पेशींवर घाव घालीत. हे नेमके त्या विकृत प्रथिनावर जाऊन बसते. रोज गोळी घ्यायची, आणि आपला उद्योग करायचा. मे २००१ मध्ये अमेरिकन सरकारने त्याला मान्यता दिली. पुढे मोठ्या चाचणीतील रोग्यांचा दहा वर्षे मागोवा घेतला तेव्हा शंभरांपैकी सुमारे त्र्याऐंशी हयात होते. वैद्यकाच्या इतिहासात असा पालट क्वचितच घडला आहे.

पण गोळी निघाली म्हणजे ती तोंडात पडली असे होत नाही. मूळ कंपनीच्या गोळीचा भारतातील महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये सांगितला जाई. भारतीय कंपन्यांची तीच गोळी त्या काळी आठ-दहा हजारांत पडे. मूळ कंपनी नोव्हार्टिस हिने भारतात पेटंट मागितले. ते मिळते तर स्वस्त गोळी बंद पडली असती. या मागणीला विरोध करण्यास जे उभे राहिले त्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही रोग्यांना साहाय्य करणारी संस्था होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी १ एप्रिल २०१३ रोजी पेटंट नाकारले. जुन्या पदार्थाचे नवे रूप केले एवढ्याने नवा हक्क मिळत नाही. ते रूप रोग बरा करण्यात अधिक गुणकारी आहे असे दाखवावे लागते, असा त्याचा मथितार्थ. ज्या औषधासाठी पुतण्या काकांना अमेरिकेत बोलावीत होता, ते औषध आपल्या शहरातील औषधाच्या दुकानात मिळावे यासाठी किती जणांनी किती वर्षे झगडा दिला, हे आपण विसरता कामा नये.

सिएटलहून परळला

गोळीने सर्वच रोगी बरे होतात असे मात्र नाही. तीव्र ल्युकेमियात पुष्कळदा जुनी मज्जा औषधांनी समूळ नाहीशी करून दात्याची निरोगी मज्जा घालावी लागते. ही विद्या उभी केली अमेरिकेच्या सिएटल शहरात ई. डॉनल थॉमस यांनी. त्यासाठी त्यांना १९९० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

सिएटलला ही विद्या शिकण्यास गेलेल्यांत मुंबईचे डॉ. सुरेश अडवाणी होते. लहानपणी पोलिओने त्यांचे पाय गेले. चाकांच्या खुर्चीत बसणारा मुलगा डॉक्टर कसा होणार, म्हणून वैद्यकीय शिक्षणाची दारेही त्यांना प्रथम बंद होती. ती त्यांनी चिकाटीने उघडविली. सिएटलहून परतल्यावर १९८३ साली टाटा मेमोरियलमध्ये त्यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीवर मज्जारोपण केले. मज्जा तिच्या भावाची होती. भारतातील हे पहिले यशस्वी मज्जारोपण समजले जाते. मेहेरबाईंच्या निधनाला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती.

भावंडांचा येथे काय संबंध, असे कोणी विचारील. पेशींवर काही ओळखखुणा असतात. त्या जुळल्या नाहीत तर नवी मज्जा आणि जुने शरीर यांत युद्ध पेटते. या खुणा अर्ध्या आईकडून, अर्ध्या वडिलांकडून येतात. म्हणून सख्ख्या भावाच्या किंवा बहिणीच्या खुणा पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक असतो. आता अर्ध्या जुळणाऱ्या दात्याकडूनही रोपण करता येते, परंतु त्यातील धोके डॉक्टरांकडून समजून घ्यावेत. मज्जा देणाऱ्याची मज्जा काही आठवड्यांत भरून येते. "भावाने दिली तर भाऊ अधू होईल" ही समजूत निराधार आहे, आणि तिच्यापायी काही घरांत अमूल्य वेळ जातो.

स्वतःच्याच पेशींचे सैन्य

तिसरी वाट सर्वांत नवी. २०१२ साली फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीचा तीव्र ल्युकेमिया सर्व औषधांना पुरून उरला होता. तिच्याच रक्तातील लढाऊ पेशी बाहेर काढून, कर्करोगाची पेशी ओळखता येईल असे जनुक त्यांत घालून, त्या पुन्हा तिच्या शरीरात सोडण्यात आल्या. ती बरी झाली. या उपचाराला कार-टी म्हणतात. २०१७ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा नुसत्या पेशींचीच किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती.

एवढी किंमत ऐकल्यावर आपण हात जोडून उठावे, इतकेच उरते. पण हार्वर्डला काम करून परतलेले राहुल पुरवार यांनी पवईच्या आय.आय.टी.त आपल्या विद्यार्थ्यांसह हीच विद्या येथे घडविण्याचे मनावर घेतले. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांशी त्यांनी हात मिळविला, आणि जून २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात पहिल्या रोग्यावर तो उपचार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावाने सरकारी मान्यता मिळाली. चाचण्यांत शंभरांपैकी सुमारे त्र्याहत्तर रोग्यांना गुण आला. तेव्हा खर्च अमेरिकेच्या साधारण दहावा हिस्सा, म्हणजे तरीही चाळीस लाखांच्या घरात होता. आपल्या दुकानदारांना तो परवडणार नाही, हे मी लपवून ठेवीत नाही. शिवाय हा उपचार सर्व रक्तरोगांवरचा नव्हे. लसिकापेशींच्या एका जातीच्या कर्करोगांवर, आणि तेही इतर उपाय थकल्यावरचा आहे. काहींत रोग उलटतोही.

मग परदेशी कधी जावे?

कधीच जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. एखादा अतिविरळ प्रकार, येथे न मिळणारे औषध, किंवा एखादी नवी चाचणी फक्त तेथेच चाललेली असणे, अशी कारणे असू शकतात. परंतु तो निर्णय रोगाचे नाव पक्के झाल्यावर, आणि येथील रक्तरोगतज्ज्ञाने तसे कारण दाखविल्यावर व्हावा. बऱ्याच वेळा रोगी जाण्याची गरजच नसते. मज्जेची काचपट्टी आणि अहवाल पाठवून दुसरे मत मिळविता येते. म्हणून प्रत्येक कागद, प्रत्येक पट्टी जपून ठेवावी.

याच्या उलट, तीव्र ल्युकेमियात प्रवासाची खटपटच घातक ठरते. त्याचा एक प्रकार असा आहे, की त्यात रक्त गोठण्याची शक्तीच ढासळते आणि मेंदूत रक्तस्राव होऊन रोगी काही तासांत जाऊ शकतो. वेळीच औषध सुरू झाले तर हाच प्रकार सर्वांत जास्त बरा होणाऱ्यांपैकी आहे. त्याच्या औषधांत शुद्ध केलेला सोमल आहे! चीनमध्ये त्याचा शोध लागला, आणि वेल्लोरच्या रुग्णालयाने तो आपल्याकडे रुजविला. (बाजारातला सोमल मात्र विषच आहे, हे सांगून ठेवतो.) अशा रोग्यासाठी पारपत्राची वाट पाहणे म्हणजे घर पेटले असता दूरच्या नदीला बंब पाठविण्यासारखे आहे.

आपल्या शहरापुरते बोलायचे तर आमखास मैदानाजवळ २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जाही लाभला आहे. तेथे विचारावे. पुढे पाठविणे आवश्यक असेल तर रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघालेला मनुष्य सकाळी मुंबईत असतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो की नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारावे. दागिने मोडल्यानंतर विचारण्यात शहाणपण नाही.

आणि एक शेवटची सूचना, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गोळी सुरू झाली, दोन-तीन महिन्यांत रक्त निवळले, पानथरी उतरली, अंगात हुशारी आली, की पुष्कळ जण गोळी सोडतात. बरे वाटते, मग खर्च कशाला? रोग तेव्हा गेलेला नसतो, दडून बसलेला असतो. आणि पुन्हा उठतो तेव्हा कदाचित तीच गोळी त्याला जुमानीत नाही. दर तीन महिन्यांची तपासणी चुकवू नये. काही रोग्यांची गोळी कालांतराने थांबविता येते हे खरे, पण ती डॉक्टरांनी, मोजून, पाहून थांबवावयाची असते.

आमचे कापडदुकानदार रोज रात्री जेवणानंतर ती गोळी घेतात. काकूंनी ती देवाजवळच्या डबीत ठेवली आहे, म्हणजे विसर पडत नाही. पुतण्या दिवाळीत येऊन भेटून गेला. सकाळी दहाला दुकानाचे शटर वर जाते. मेहेरबाईंच्या वाट्याला जे आले नाही ते या सामान्य माणसाच्या वाट्याला आले, याचे कारण फिलाडेल्फियात आहे, सिएटलला आहे, परळला आणि न्यायालयातही आहे. ज्ञान शिकून कोणी परत आले, त्याची किंमत कमी व्हावी म्हणून कोणी भांडले, म्हणून ते क्रांती चौकापर्यंत पोहोचले. ते अजून प्रत्येक तालुक्यापर्यंत पोहोचलेले नाही. ते पोहोचेपर्यंत, "अमेरिकेत नेले तर?" असे विचारणाऱ्याला आपण निदान एवढे तरी सांगू शकतो: आधी रोगाचे नाव विचारा, मग वाट.